जुन्या संगणकावर विंडोज ११ चढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा आधार संपल्यापासून घरचा डेस्कटॉप, दुकानातला बिलिंगचा संगणक, कर सल्लागाराच्या ऑफिसातला लॅपटॉप अशी जुनी यंत्रं दुरुस्तीच्या टेबलावर येतच आहेत. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. पहिले चार-पाच प्रश्न वाचल्याशिवाय खालच्या एरर कोडांकडे उडी मारू नका. बहुतेक अडचणींचं मूळ अपग्रेडचं बटण दाबण्याच्या आधीच यंत्रात बसलेलं असतं. कोडच्या सुरुवातीला पडद्यावर दिसणारं ‘शून्य एक्स’ इथे गाळलं आहे.

विंडोज १० छान चाललंय. मग हात कशाला लावायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार संपवला. म्हणून संगणक बंद पडत नाही, उद्या सकाळीही तो सुरू होईल. फक्त यापुढे एखादी सुरक्षेतली फट सापडली तर ती आपोआप बुजवली जाणार नाही. बँकेचे व्यवहार आणि आयकराची कामं त्याच यंत्रावर होत असतील तर हे हलक्यात घेऊ नये.

तरीही धावपळीचं कारण नाही. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ म्हणजेच ईएसयू या योजनेत नोंदणी केली की घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो, आणि एका नोंदणीत दहा यंत्रांपर्यंत चालतं. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या यंत्रांना ही घरगुती योजना लागू नाही.

एक गोष्ट लोक विसरतात: ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही आधार त्याच दिवशी संपला. विंडोज बदलून जुनं ऑफिस तसंच ठेवलं तर काम अर्धंच झालं.

माझा संगणक ‘आय-फाइव्ह’ आहे. चालेल ना?

नुसत्या ‘आय-फाइव्ह’वरून काहीच कळत नाही. २०११ सालीही आय-फाइव्ह होता आणि नंतरही होता. बघायची ती पिढी. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं गेलात की प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. ‘आय५-४५७०’ मधला डॅशनंतरचा पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. ‘आय५-८२५०यू’ म्हणजे आठवी. ‘आय५-१०४००’ म्हणजे दहावी, कारण तिथे पाच आकडे आहेत. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची अधिकृत रेषा आठव्या पिढीला आहे. सातव्या पिढीतले मोजकेच अपवाद यादीत घेतले आहेत, आणि घरगुती लॅपटॉपमध्ये ते सहसा नसतात. एएमडीमध्ये ढोबळमानाने रायझेन २००० मालिकेपासून पुढे. मात्र त्या मालिकेतले अंगचं ग्राफिक्स असलेले काही प्रोसेसर यादीत नाहीत, त्यामुळे पूर्ण नंबर मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधून बघा.

रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताना हे फार कामाला येतं. दुकानदार “आय-फाइव्ह, आठ जीबी, एसएसडी, एकदम मक्खन” एवढंच सांगतो आणि पिढीचं नाव काढत नाही. त्यावर विंडोज ११ चाललेलं दाखवलं म्हणून यंत्र अधिकृतपणे चालणारं आहे असंही समजू नका. ते तपासणी चुकवून टाकलेलं असू शकतं. त्याबद्दल खाली आहे.

प्रोसेसर यादीत आहे, तरी ‘टीपीएम २.० नाही’ असं सांगतोय.

टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षेची व्यवस्था. तो बहुतेक वेळा असतो, पण झोपलेला असतो. त्यासाठी वेगळी चिप विकत घ्यायची गरज सहसा पडत नाही. आठव्या पिढीच्या इंटेल यंत्रात तो प्रोसेसरच्या व्यवस्थेतच असतो आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) त्याचं नाव ‘पीटीटी’ असतं. एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये तो कारखान्यातूनच चालू येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये मात्र मदरबोर्डवर तो बंदच राहिलेला असतो.

संगणक सुरू होताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये जा. सिक्युरिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्ड या भागात पीटीटी किंवा एफटीपीएम शोधा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या. मग विंडोजमध्ये रन उघडून टीपीएम-डॉट-एमएससी इंग्रजी अक्षरांत लिहा. ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसलं की झालं. हे करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर तो तात्पुरता थांबवा, नाहीतर पुढच्या सुरुवातीला निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाईल.

सिक्युअर बूट चालू केलं आणि संगणकच सुरू होईना!

यावर सगळ्यात जास्त फोन येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी घाबरणं थांबवा, डेटा कुठेही गेलेला नाही. बायोसमध्ये परत जाऊन ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ (सुरू होण्याची जुनी पद्धत) पूर्वीसारखं चालू केलं की संगणक नेहमीसारखा उठेल. झालं असं की तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या रचनेच्या डिस्कवर टाकलेलं आहे. सिक्युअर बूट म्हणजे सुरू होताना फक्त विश्वासाचीच यंत्रणा उठू देणारी सोय. तिला यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत लागते आणि यूईएफआयवरून विंडोज उठायला डिस्कची रचना जीपीटी ही नवी लागते. म्हणून आधी डिस्क बदलायची आणि मगच बायोस. उलट क्रमाने गेलात की काळा पडदा.

डिस्क बदलायला विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची आज्ञा आहे, आणि तिला फॉरमॅटची गरज नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी ती ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाउफुलओएस’ या दोन पर्यायांसह चालवा. हे फक्त तपासणं असतं, डिस्कला काही होत नाही. तपासणीत पास झालात तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालायचं.

आपल्याकडे ही तपासणी नापास होण्याचं कारण बहुतेक एकच असतं. डेस्कटॉप जुळवून देणाऱ्याने हार्ड डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार भाग पाडून दिलेले असतात: एकात विंडोज, एकात गाणी, एकात लग्नाचे फोटो, एकात ‘न्यू फोल्डर’ आणि त्यातही ‘न्यू फोल्डर २’. एमबीआर डिस्कवर असे भाग करताना मागचे भाग ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनच्या आत ‘लॉजिकल’ म्हणून टाकले जातात, आणि असं एकही पार्टिशन असलं तरी ही आज्ञा काम करायला नकार देते. प्रायमरी पार्टिशनही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. उपाय कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे: डी, ई, एफ मधलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, घेतलेलं उघडून बघा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून ते भाग आणि रिकामं झालेलं एक्स्टेंडेड पार्टिशन काढून टाका. त्यानंतर रूपांतर करा, बायोसमध्ये यूईएफआय निवडा, संगणक उठतोय हे बघा आणि मग मोकळ्या जागेत पुन्हा हवे ते भाग पाडा.

एक बारीक मुद्दा. विंडोज ११ ची अट ‘यंत्र सिक्युअर बूट करू शकणारं असावं’ एवढीच आहे, ते चालू असलंच पाहिजे असं नाही. यूईएफआयमध्ये येऊनही सिक्युअर बूट चालू करताच पडदा काळा होत असेल, विशेषतः जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर, ते बंद ठेवूनही अपग्रेड करून बघता येतं.

रोज सकाळी तारीख मागे जाते आणि एफ१ दाबावं लागतं. याचा अपग्रेडशी काही संबंध?

थेट संबंध आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. आपण रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतो, त्यामुळे मदरबोर्डला येणारी वीज पूर्ण तुटते आणि संपलेल्या सेलच्या जिवावर बायोसला काहीच लक्षात राहत नाही.

परिणाम दोन. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तपासताना गडबड होते, आणि अपडेट कधी डाउनलोडच होत नाही, तर कधी भलताच कोड दाखवतं. दुसरा परिणाम जास्त त्रासाचा आहे. काल चालू केलेला पीटीटी आज पुन्हा बंद झालेला असतो. कधी डिस्कशी बोलण्याची पद्धतही एएचसीआयवरून दुसरीवर जाते आणि विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळा पडदा दाखवतं. लोक याला अपग्रेडचा दोष समजून फॉरमॅट मारतात.

घड्याळवाल्याकडे मिळणारा हाच सेल असतो. वीज काढा, जुना सेल कसा बसवलाय त्याचा फोटो घ्या, अक्षरांची बाजू वर ठेवून नवा बसवा आणि बायोसमधल्या सेटिंग्ज एकदा नीट लावा. अपग्रेडच्या आधी.

अपग्रेडआधी एसएसडी टाकू की नंतर?

आधी. जुन्या यंत्रावर पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला, असं मी डोळे झाकून सांगतो. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ टाकता येतं, पण टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर लाल होऊन बसलेला असतो. त्याला ‘विंडोज ११ जड आहे’ हे उत्तर नव्हे.

शिवाय अपग्रेड म्हणजे जुन्या डिस्कवर हजारो फाइलींची उचल-ठेव. मरायला टेकलेली डिस्क नेमकी या कामात मान टाकते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने आधी तिची तब्येत बघा. निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’ आलं, ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ वाढलेले दिसले, तर अपग्रेड बाजूला ठेवून त्याच दिवशी डेटा बाहेर काढा.

अडीच इंची साटा एसएसडी गेल्या दशकातल्या जवळपास कुठल्याही लॅपटॉपमध्ये बसते. यूएसबी ते साटा केबलने ती जोडायची, जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करायची आणि अदलाबदल करायची. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून कॅडीत (त्याच्या जागी बसणाऱ्या चौकटीत) जुनी हार्ड डिस्क बसवता येते. कॅडी मागताना जाडी सांगा, ९.५ की १२.७ मिलिमीटर, नाहीतर दुकानाला दुसरी फेरी.

रॅमबद्दल: अट ४ जीबीची आहे, पण ४ जीबीत ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले की यंत्र धापा टाकतं. ८ करा. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला साधी डीडीआर३ चालत नाही, १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते.

बॅकअपमध्ये नक्की काय काय घ्यायचं?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे घेतात. राहून जातं ते वेगळंच: टॅलीचा डेटा फोल्डर (तो कुठे आहे ते टॅली उघडून बघा, अंदाजाने शोधू नका), आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर. जुन्या पत्रिका, प्रश्नपत्रिका, संस्थेची लेटरहेड ज्या मराठी फॉन्टमध्ये केलीत तो फॉन्ट गेला तर फाइल उघडेल, पण वाचता येणार नाही. नवी यंत्रणा टाकल्यावर तो फॉन्ट कुठून आणला होता हे कुणालाच आठवत नाही.

८००७००७० हा कोड येतो.

सी ड्राइव्ह भरलाय. विंडोज ११ ला ६४ जीबीची डिस्क लागते, आणि अपग्रेडच्या वेळी त्यातली निदान २५-३० जीबी मोकळी असेल तर काम सुरळीत होतं. डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा, डाउनलोड्समधले जुने व्हिडिओ हलवा. हायबरनेट वापरत नसाल तर पॉवरसीएफजीच्या आज्ञेने ते बंद करा, काही जीबी लगेच सुटतात. विंडोज फोल्डरमध्ये शिरून हाताने काही पुसू नका.

‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असं म्हणतो. सीमध्ये तर भरपूर जागा आहे.

ही जागा सीमधली नाही. डिस्कच्या सुरुवातीला विंडोजने स्वतःसाठी ठेवलेला एक छोटा भाग असतो, जुन्या यंत्रांत तो १०० एमबीचाच असतो, आणि तो भरलेला असतो. जीपीटी डिस्क असेल तर ‘माउंटव्हॉल’ या आज्ञेने त्याला वाय हे अक्षर देऊन, त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट या वाटेवरच्या फॉन्ट्स फोल्डरमधल्या फाइली काढतात. हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे आणि त्याने बूटला धोका नाही. त्या फोल्डरच्या बाहेर मात्र एकाही फाइलला हात लावू नका. कमांड प्रॉम्प्टची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

अपग्रेड ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातं आणि ‘जुन्या आवृत्तीवर परत जात आहोत’ म्हणून उलटं फिरतं.

कोड सी१९००१०१ ने सुरू होत असेल तर ड्रायव्हर. त्यापुढच्या आकड्यांत अडकून पडू नका, आधी पुढची कामं क्रमाने करा.

कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं उपटा: प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरचं डाँगल (ते चालवायला लावावी लागणारी किल्ली), स्वस्तातलं यूएसबी वायफाय, अगदी मेमरी कार्डसुद्धा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस नुसता बंद न करता अनइन्स्टॉल करा. नुसता बंद केलेला अँटिव्हायरस मागे आपले ड्रायव्हर चालू ठेवतो. व्हीपीएन सॉफ्टवेअरही काढा. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून चिपसेट, स्टोरेज आणि ग्राफिक्सचे शेवटचे ड्रायव्हर आणि बायोसची शेवटची आवृत्ती टाका. लॅपटॉपचं बायोस बॅटरी चार्ज असताना आणि चार्जर लावूनच अपडेट करायचं.

तरीही उलटं फिरलं तर अंदाज पुरे, नोंदी वाचा. सी ड्राइव्हवर डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा, ‘विंडोज’ आणि ‘बीटी’ अशी अक्षरं असलेला एक लपलेला फोल्डर तयार होतो. त्यात सोर्सेस, त्यात पँथर, आणि पँथरमध्ये ‘सेटअपएरर’ व ‘सेटअपअ‍ॅक्ट’ या नोंदवह्या. त्या वाचायला किचकट असतात, म्हणून मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन चालवा. ते त्या चाळून दोषी ड्रायव्हरच्या फाइलचं नाव पुष्कळदा सरळ सांगतं. ते नाव बहुतेक कधीच फेकून दिलेल्या एखाद्या यूएसबी उपकरणाचं निघतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ केलं की अशी पुसट दिसणारी भुतं सापडतात. ती अनइन्स्टॉल करा.

बाकीचे कोड पटकन: सी१९००२०८ म्हणजे न जुळणारं एखादं सॉफ्टवेअर आड येतंय. सी१९००२०० आणि सी१९००२०२ म्हणजे यंत्र किमान अटींत बसत नाही, वर जाऊन पिढी आणि टीपीएम बघा. सी१९००१०७ म्हणजे मागच्या प्रयत्नाचा कचरा अजून आवरला जातोय, संगणक रीस्टार्ट करा. ८००७३७१२ म्हणजे विंडोजच्याच फाइली बिघडल्यात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम’चं रिस्टोअरहेल्थ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ याच क्रमाने चालवा.

दोन तासांपासून एकाच टक्क्यावर उभा आहे. बंद करू?

नको. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल किंवा पिवळा दिवा बघा. तो मधूनमधून लुकलुकत असेल तर काम चाललंय. फिरत्या हार्ड डिस्कवर एकाच टक्क्यावर असं बराच वेळ थांबणं नवलाचं नाही. दिवा तासन्‌तास मेलेला असेल, माउसचा बाणही हलत नसेल, तरच पॉवरचं बटण दाबून धरा.

मधेच वीज गेली तर विंडोज बऱ्याचदा आपणहून मागे फिरतं, पण त्याच्या भरवशावर बसू नका. जिथे भारनियमन आहे तिथे डेस्कटॉपला यूपीएस लावा किंवा इन्व्हर्टर असलेल्या घरी नेऊन करा. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं असेल तर विंडोज ती जोडणी ‘मीटर्ड’ (मोजून डेटा मिळणारी) धरून डाउनलोड अडवून ठेवू शकतं. अशा वेळी चांगली लाइन असलेल्या ठिकाणी मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून आणणं सोपं. त्या पेनड्राइव्हवरून बूट करायचं नाही. चालू विंडोजमध्ये तो उघडून ‘सेटअप’ चालवायचा, म्हणजे फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात.

रूफसने तपासणी चुकवून टाकता येतं म्हणे. टाकू का?

टाकता येतं. रूफस या मोफत साधनाने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढण्याची खूण असते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर, एसएसडी आणि ८ जीबी रॅम असेल तर, ते बरं चालतंही.

पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी देत नाही. महिन्याचे अपडेट आजवर येत राहिले आहेत; मोठी वार्षिक आवृत्ती मात्र सहसा आपणहून येत नाही, ती दर वेळी हाताने टाकावी लागते. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीचा आधार २४ महिन्यांचाच असतो. म्हणजे आज टाकून विसरून गेलात तर दोनेक वर्षांत पुन्हा याच जागी येता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये ‘पॉपसीएनटी’ आणि ‘एसएसई४.२’ या सूचना असणं सक्तीचं आहे. त्या नसलेलं कोअर टू ड्युओ यंत्र कुठल्याही युक्तीने उठत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

मी स्वतः हा मार्ग घरच्या, मुलांच्या, प्रयोगाच्या यंत्रासाठी सांगतो. ज्या यंत्रावर दुसऱ्याचे हिशेब किंवा रुग्णांची माहिती आहे, त्यासाठी सांगत नाही.

श्रीलिपी, आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन... हे चालेल ना?

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. तुमचं विंडोज १० जर ३२-बिट असेल तर त्यावरून थेट अपग्रेड होत नाही, नव्याने टाकावं लागतं. आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिटचे कार्यक्रम अजिबात चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या काही मराठी सॉफ्टवेअरचं, छापखान्यातल्या जुन्या साधनांचं इन्स्टॉलरच १६-बिट असतं. डीटीपी करणाऱ्यांनी म्हणून आधी चौकशी करावी: तुमच्या आवृत्तीचं डाँगल ६४-बिट विंडोज ११ वर ओळखलं जातं का, हे विक्रेत्याला फोन करून विचारा. समांतर पोर्टचं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारं डाँगल असेल तर ते यंत्र जसं आहे तसं ठेवा, इंटरनेटची वायर काढा, आणि त्यावर फक्त छपाईचं काम करा. हा अगदी मान्य उपाय आहे.

साधे ट्रूटाइप फॉन्ट, शिवाजी, किरण वगैरे, विंडोज ११ वर चालतात. युनिकोड मराठीसाठी सेटिंग्जमध्ये मराठी भाषा घातली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात, विंडोज आणि स्पेस दाबून बदलायचे.

टोकनचं सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर काढून पुन्हा टाकावं लागणार असं धरूनच चाला. त्यासोबत सही करायला लागणारं जीएसटीचं एमसायनर आणि आयकराचं एमब्रिजही तपासा. टोकनचा पासवर्ड आठवतोय ना, हे आधी बघून घ्या. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकला की टोकन लॉक होतं. आणि कृपा करून महिन्याच्या ११ किंवा २० तारखेच्या तोंडावर कर सल्लागाराच्या ऑफिसात अपग्रेड काढू नका.

जुन्या लेझर प्रिंटरला ड्रायव्हर सापडत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये बघा, पुष्कळदा तिथेच असतो. ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षेची सोय चालू होत नाही आणि एखाद्या जुन्या ड्रायव्हरचं नाव दाखवतं, तर ते उपकरण अजून वापरात आहे का ते आधी ठरवा.

लायसन्स पुन्हा विकत घ्यावं लागेल?

विंडोज १० खरं असेल तर नाही. होमवरून होम, प्रोवरून प्रो मोफत मिळतं. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून मोफत सक्रिय करण्याचा रस्ता २०२३ मध्ये बंद झाला. ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून सक्रिय केलेलं विंडोज असेल तर आधी त्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत आणखी काय आलंय ते तपासा. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या फाइलवर विश्वास कसला ठेवायचा?

झालं एकदाचं, पण पूर्वीपेक्षा हळू वाटतंय.

पहिला दिवस सोडून द्या, मागे शोधाची सूची आणि अपडेट चालू असतात. नंतरही तसंच असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले’ तर नाही ना ते बघा, आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागातून नको ते बंद करा.

परत विंडोज १० वर जाता येईल?

दहा दिवसांत. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. ही सोय ‘विंडोज-डॉट-ओल्ड’ फोल्डरवर उभी आहे, जागा करायच्या नादात तो उडवलात की संपलं. जास्त मुदत हवी असेल तर त्या दहा दिवसांतच ‘डिझम’च्या आज्ञेने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते.

यंत्र कशातच बसत नाही. भंगारात देऊ?

इतक्यात नको. विंडोजचीच अडलेली कामं नसतील, म्हणजे ब्राउझर, मेल, यूट्यूब, पत्रलेखन एवढंच असेल, तर लिनक्स मिंट २२ टाकून बघा. त्याला २०२९ पर्यंत आधार आहे, आणि पेनड्राइव्हवरून न टाकताही चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा. मराठी इनस्क्रिप्ट त्यात मिळतं. टोकन आणि टॅली हवं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. निव्वळ ३२-बिट प्रोसेसर असेल तर मिंट २२ चालणार नाही. डेबियनमध्येही ३२-बिटसाठी इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती १२ आहे, १३ मध्ये तो वगळला आहे.

आणि खरंच द्यायचंच ठरलं, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, बाकीचं यंत्र रस्त्यावरच्या भंगारवाल्याऐवजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या ई-कचरा केंद्राला द्या.